नोट्स भरपूर, पण आठवत काहीच नाही? या चुका टाळा

काटोलहून रोज एसटीनं नागपूरला येऊन मी बी.कॉम. केलं. बारावीपर्यंत मराठी माध्यम, आणि इथे लेक्चर इंग्रजीत. पहिल्या सेमिस्टरला माझी 200 पानी वही पूर्ण भरली होती. परीक्षेच्या आठवड्यात उघडली, तर अक्षर माझंच, पण अर्थ लागेना. आता ज्युनिअर मुलामुलींच्या वह्या बघते, तेव्हा पुष्कळदा तेच दिसतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शब्दन् शब्द उतरवून घेणं. सर मिनिटाला शंभराहून जास्त शब्द बोलतात, आपल्या हातानं जेमतेम पंचवीस-तीस होतात. मग हात मागे पडतो, आपण शब्दांच्या मागे धावतो आणि ऐकणं थांबतं. आधी मुद्दा पूर्ण ऐका, मग दोन ओळीत लिहा. व्याख्या, सूत्र आणि आकृती मात्र जशीच्या तशी घ्या.

लॅपटॉपवर तर हे जास्तच होतं. अमेरिकेत म्यूलर आणि ओपेनहायमर यांच्या 2014 च्या अभ्यासात, टाइप करणारे विद्यार्थी जास्त शब्दशः लिहीत होते आणि संकल्पनेच्या प्रश्नांत मागे पडले. पुढे इतरांनी तो प्रयोग पुन्हा केला, तेव्हा फरक तेवढा ठळक आला नाही. म्हणून मी लॅपटॉपला नाही म्हणत नाही. न समजता उतरवणं सोडा, एवढंच.

दुसरी चूक मराठी माध्यमातून आलेल्यांची, आणि ती मला फार लागते. वही इंग्रजीतच हवी, असं आपण धरून चालतो. सर समजावताना मराठी-हिंदीत बोलतात, आपण मनातल्या मनात त्याचं इंग्रजी करत बसतो, आणि तेवढ्यात पुढचा मुद्दा निघून जातो. समजलं त्याच भाषेत लिहा. पारिभाषिक शब्द तेवढा इंग्रजीतला ठेवा, कारण पेपरात तोच लागेल.

आम्हाला इलॅस्टिसिटी (लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते) शिकवली, तेव्हा फळ्यावर फक्त सूत्र होतं. उदाहरण तोंडी आलं: संत्र्याचा भाव 10 टक्के वाढला आणि खप 20 टक्के घटला, तर लवचिकता 2. मिठाचा भाव तेवढाच वाढला तरी खप जवळपास तसाच राहतो. मी सूत्र लिहिलं, संत्री सोडली. खरं तर विषय संत्र्यातच होता. तोंडी उदाहरण, ‘म्हणजे काय तर’ नंतरचं वाक्य, सरांनी दोनदा सांगितलेली गोष्ट, हे आधी टिपा.

फळ्याचा फोटो काढून निश्चिंत होऊ नका. तो गॅलरीत हरवतो. काढलाच, तर त्याच दिवशी वहीत उतरवा.

रविवारी रंगीत पेनांनी वही ‘फेअर’ करण्यात तीन तास घालवणारेही बरेच आहेत. त्यापेक्षा पानाच्या डावीकडे सहा सेंटीमीटर जागा सोडा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी ही पद्धत रुजवली. उजवीकडे तासाच्या नोट्स, डावीकडे नंतर त्यावरचे प्रश्न, खाली दोन ओळींत सार. मग उजवी बाजू झाकायची आणि प्रश्नाचं उत्तर आठवून सांगायचं. रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006 च्या प्रयोगात, पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानं पाहिलं, तर स्वतःची परीक्षा घेणारेच पुढे होते. मी हे परतीच्या बसमध्ये करायची. कळमेश्वर येईपर्यंत दोन विषय व्हायचे.

हिवाळी परीक्षा जवळ आली की नागपूरच्या बर्डीत झेरॉक्सच्या दुकानांत दुसऱ्यांच्या नोट्स घ्यायला गर्दी होते. दुसऱ्याच्या वहीत त्याला न समजलेलं असतं, तुम्हाला न समजलेलं नसतं. झेरॉक्स काढायचीच, तर जुन्या प्रश्नपत्रिकांची काढा, आणि तीही सेमिस्टरच्या सुरुवातीला. प्रश्न माहीत असले की तासाला काय टिपायचं ते कळतं.

बस चुकली, तास बुडाला, तर वहीत दोन पानं कोरी सोडा. वर्गातल्या दोघांच्या वह्या शेजारी ठेवून ती भरा. दोघांचं जुळत नसेल, तिथे प्रश्नचिन्ह टाका आणि दुसऱ्या दिवशी तास संपताच, सर वर्गाबाहेर पडायच्या आत, तेवढंच विचारा.