दृढीकरण झालं, आता पुढचा रविवार ठरवा

दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) संस्कारात बिशपांनी कपाळावर क्रिझम या पवित्र तेलाने क्रूस काढला, फोटो झाले, दुपारी पंगत उठली. अडचण सुरू होते ती पुढच्या रविवारी. आपल्याकडे हा संस्कार साधारण हायस्कूलच्या शेवटच्या वर्षांत होतो. धर्मशिक्षणाचा वर्ग संपतो आणि अकरावीचे क्लास सुरू होतात, तेही त्याच सुमारास. वर्ष-दोन वर्षं दर रविवारी दिसणारी मुलं मग नाताळ आणि सणाच्या मिस्सेपुरती (चर्चमधल्या मुख्य उपासनेपुरती) उरतात. त्यांचा विश्वास काही एका दिवसात उडत नाही. आधी रविवार सुटतो, मग चर्चमधली ओळखीची माणसं सुटतात आणि शेवटी या विषयावर बोलायलाच कोणी उरत नाही. धर्मशिक्षक, गॉडपॅरेंट (संस्काराच्या वेळी मुलाच्या पाठीशी उभा राहणारा) आणि आईवडिलांनी सावरायचं असेल तर याच क्रमाने सावरावं.

रविवारची जागा आधी अडवून ठेवा

क्लासचं वेळापत्रक जूनमध्ये हातात येतं. त्याच दिवशी मुलासोबत बसून त्यावर मिस्सेच्या वेळा लिहा. रविवारी सकाळी टेस्ट सिरीज असेल तर शनिवारी संध्याकाळची मिस्सा धरा. चर्चच्या नियमाने ती रविवारचीच धरली जाते, हे पुष्कळ घरांत माहीत नसतं आणि ‘क्लास होता’ एवढ्या कारणावर महिनेच्या महिने निघून जातात. स्वतःच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) शनिवारची मिस्सा नसेल तर शेजारच्या दोन धर्मग्रामांच्या वेळा फोनमध्ये टिपून ठेवा. वसईत हे सोपं आहे, चर्चं जवळजवळ आहेत. सिंधुदुर्गात एकेका फादरकडे लांबलांबची गावं असतात. तिथे महिन्याचं वेळापत्रक आधीच विचारून घ्यावं लागतं आणि कोणाच्या गाडीवरून जायचं तेही ठरवून ठेवावं लागतं. पावसाळ्यात तर नक्कीच.

एक बारीक गोष्ट. ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) घेण्याआधी एक तास काही खायचं नसतं. पाणी आणि औषध चालतं. क्लासवरून थेट संध्याकाळच्या मिस्सेला येणारं पोर वाटेत वडापाव खातं, मग नियम आठवतो आणि ते बाकावरच बसून राहतं. दोन-तीनदा असं झालं की यायलाच संकोच वाटू लागतो. हा तास मिस्सेच्या सुरुवातीपासून मोजायचा नसतो, ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या वेळेपासून मागे मोजायचा असतो, एवढं सांगितलं तरी गुंता सुटतो.

उत्तन, पाचूबंदरसारख्या कोळीवाड्यांतली मुलं बोटीवर गेली की रविवार समुद्रातच जातो. अशा वेळी मिस्सा चुकणं हे पाप नाही. गंभीर कारण असलं की चर्च बंधन घालत नाही, प्रार्थनेत वेळ घालवायला सांगतं. बोटीवर त्या रविवारचं शुभवर्तमान मोठ्याने वाचणं आणि जपमाळेचं एक दशक (दहा मण्यांची प्रार्थना), एवढं पुरतं. स्तोत्र १०७ मधल्या २३ ते ३० या ओव्या तर जहाजाने समुद्रावर जाणाऱ्यांच्याच आहेत. लाटा चढतात, पोटात गोळा येतो, मग देव वादळ शमवतो आणि हव्या त्या बंदराला नेतो. तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) त्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा हीच मुलं किनाऱ्यावर असतात. युवा गटाचं शिबिर, वाचकांचं प्रशिक्षण, गाण्याचा सराव या दोन महिन्यांत लावा. डिसेंबरात लावून ‘कोळ्यांची पोरं येत नाहीत’ म्हणू नका.

गॉडपॅरेंटचं काम त्या दिवशी सुरू होतं

नियमाने गॉडपॅरेंट किमान १६ वर्षांचा, स्वतः दृढीकरण झालेला आणि श्रद्धेने जगणारा कॅथलिक असावा लागतो. आई किंवा वडील ही जागा घेऊ शकत नाहीत. चर्चची इच्छा अशी, की स्नानसंस्काराचाच (बाप्तिस्म्याचाच) गॉडपॅरेंट इथेही असावा. प्रत्यक्षात निवड होते ती आखातात कोण आहे आणि भेट कोण मोठी देईल यावर. निवड चुकली असली तरी काम थांबवायचं कारण नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन करा, दहा मिनिटं. ‘मिस्सेला गेलास का?’ या प्रश्नाने सुरुवात करू नका. पोर खोटं बोलायला शिकतं. ‘या महिन्यात कोणासाठी प्रार्थना करू, सांग’ असं विचारा. मित्राच्या आईचं आजारपण निघतं, गणिताची भीती निघते, कधी घरातलं भांडण निघतं. पुढच्या महिन्यात त्याच गोष्टीची आठवणीने चौकशी करा. भेट द्यायचीच असेल तर घड्याळाऐवजी मराठी बायबल द्या आणि पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने चार ओळी लिहा.

तीन महिन्यांच्या आत हातात काम द्या

‘युवा गटात ये’ हे मोघम आमंत्रण फुकट जातं. दिवस, वेळ आणि वस्तू सांगून बोलवा: ‘येत्या शनिवारी चार वाजता ये, माइक लावायचाय.’ गायनवृंद, वेदीसेवा, पार्किंग, फुलांची सजावट, लाइव्ह प्रक्षेपणाचा कॅमेरा, काहीही चालेल. सगळ्यांना एकाच वेळी नाटकात घेऊ नका. नाटक संपलं की गट संपतो.

वाचनाचं काम मुलांना चांगलं मानवतं, पण ते शिकवल्याशिवाय दिलं तर पहिल्याच वेळी फजिती होते आणि ती व्यक्ती पुन्हा वेदीजवळ फिरकत नाही. उतारा बुधवारी हातात द्या, शनिवारी रात्री नको. तिने तो आधी मनात वाचावा, मग मोठ्याने तीनदा. अडणारी नावं पेन्सिलीने तोडून लिहावीत. पवित्र आत्मा उतरल्याच्या पेंटेकॉस्टच्या सणाला प्रेषितांच्या कृत्यांचा २रा अध्याय वाचतात, त्यात पार्थी, मेदी, एलामी, मग मेसोपोटेमिया, कप्पदुकिया, फ्रुगिया, पंफुलिया अशी रांगच लागते. दृढीकरण झालेल्या मुलांनाच हा उतारा हौसेने दिला जातो आणि नेमकी तिथेच जीभ अडखळते. यावर उपाय एकच: शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये, माइक चालू ठेवून एकदा पूर्ण वाचून घ्या. शेवटच्या बाकावर कोणीतरी बसून ऐकावं. माइक तोंडापासून साधारण वीतभर लांब. पूर्णविरामाला मनात ‘एक’ म्हणून थांबायचं, वाचन संपताना म्हणायच्या घोषाआधी ‘एक, दोन’. चर्चमध्ये आवाज घुमतो, त्यामुळे घरी बरोबर वाटणारा वेग तिथे धावता ठरतो. वाचून झालं की लगेच चुका काढत बसू नका. एखादी असेल तर आठवड्याने सांगा.

दुसरं काम गरिबांच्या घरी जाण्याचं. फ्रेडरिक ओझानाम याने १८३३ साली पॅरिसमध्ये मित्रांसोबत जे मंडळ सुरू केलं, त्यातून संत व्हिन्सेंट डी पॉल संस्था उभी राहिली. तेव्हा तो २० वर्षांचा विद्यार्थी होता. तुमच्या धर्मग्रामात तिची शाखा असेल तर महिन्यातून एकदा, एका अनुभवी सदस्यासोबत एक तरुण, अशी जोडी पाठवा. एकटं पाठवू नका आणि पाच जणांचा घोळकाही नको. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला लाज वाटते. मोबाइल खिशात, फोटो नाही.

प्रार्थना लहान ठेवा, पण वेळ नक्की ठेवा

पहिल्या उत्साहात मुलं ‘वर्षभरात अख्खं बायबल’ ठरवतात, उत्पत्तीपासून निघतात आणि लेवीय पुस्तकातल्या यज्ञांच्या नियमांत रुततात. तिथून परत फिरणारे थोडे. मार्कचं शुभवर्तमान घ्या. १६ अध्याय, चारही शुभवर्तमानांत सगळ्यात लहान. रोज एक अध्याय, एखाद-दुसरा दिवस चुकला तरी तीन आठवड्यांत सहज होतं. मग प्रेषितांची कृत्ये, २८ अध्याय. वाचलेल्यातली एकच ओळ वहीत उतरवायची, त्यावर निबंध नको.

रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं, तीन प्रश्न: आज कशासाठी आभार मानू? कुठे चुकलो? उद्या कशात मदत हवी? ही संत इग्नेशियसच्या आत्मपरीक्षणाची छोटी रीत. ती बिछान्यात पडून केली तर पहिल्या प्रश्नालाच झोप लागते, बसून करावी. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला.

घरात संध्याकाळचा तेर्स (जपमाळ) चालू असेल तर मुलांना त्यातलं एक दशक चालवायला द्या. ज्या घरात तो बंद पडलाय तिथे एकदम पाच दशकांचा आग्रह धरू नका. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. तेव्हा रोज एका दशकाने सुरू करा. वाडीतल्या क्रूसापाशी लदीन (सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना) होते तिथे तर ढकलाढकली न करता मुलं आपसूक येतात, नंतरचे उकडलेले चणे हे एक कारण असलं तरी.

कबुलीचा धाक

संस्काराच्या आदल्या दिवशी फादरांपुढे केलेली पापांची कबुली बऱ्याच मुलांची शेवटचीच ठरते. कारण साधं असतं: फादर घरच्यांना ओळखतात. दोन गोष्टी स्पष्ट सांगा. एक, कुमसारातलं (कबुलीतलं) गुपित थेट फोडणारा धर्मगुरू आपोआप धर्मबहिष्कृत होतो. चर्चमध्ये याहून कडक शिक्षा क्वचितच असते. दोन, दुसऱ्या धर्मग्रामात जाऊन कबुली दिलेली चालते, त्यात गैर काही नाही. गंभीर पापांची वर्षातून एकदा तरी कबुली द्यावी, हा नियम आहे. सवय टिकायला दीड-दोन महिन्यांचं अंतर बरं. बराच काळ गेला असेल तर आत जाऊन एवढंच म्हणायचं, ‘फादर, खूप दिवस झाले, मला पद्धत आठवत नाही.’ पुढचं फादर सांभाळतात.

प्रश्न येतील, येऊ द्या

कॉलेजात सर्वांत आधी येणारा टोमणा ठरलेला: ‘तुम्हाला पोर्तुगिजांनी बाटवलं.’ पोर चिडतं किंवा गप्प बसतं. त्याला इतिहास द्या. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगिजांना दिली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. त्या काळात जबरदस्तीही झाली, ते नाकारायचं नाही. पण पोर्तुगीज सत्ता वसईतून गेल्यावरही इथली कुटुंबं ख्रिस्ती राहिली, त्याला आता पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला क्रूसावर हुतात्मा झाले आणि १८६२ मध्ये संत घोषित झाले. हे शांतपणे सांगता आलं की टोमणा मारणाराही ऐकून घेतो.

दुसरा प्रश्न गणपतीच्या दिवसांतला. शेजाऱ्यांकडे जाणं, त्यांच्या धावपळीत हात लावणं, आणि पूजा-आरतीत भाग घेणं, या वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधीच बोलून ठेवा. प्रसादाबद्दल पौलाच्या करिंथकरांना पहिल्या पत्राचे ८वा आणि १०वा अध्याय गटात वाचा आणि तुमच्या फादरांचं मत विचारा. घरोघरी मतं वेगळी असतात. दारात उभं राहून, ताट समोर आल्यावर वाद घालणं मात्र सर्वांत वाईट. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार एका वाक्याने दुखावतो.

बाकीचे प्रश्न, उत्क्रांती, दुःख, चर्चमधली माणसंच अशी का वागतात, हे दडपू नका. ‘मला नीट माहीत नाही, पुढच्या रविवारी बघून सांगतो’ असं म्हणा आणि खरंच बघून सांगा. न सांगितल्यास तो प्रश्न तुमच्याबद्दलचा होतो. कार्लो अॅक्युटिसचं उदाहरण आजच्या मुलांना पटतं: कॉम्प्युटरवर रमणारा मुलगा, १५व्या वर्षी २००६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेला आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत घोषित झाला. फक्त त्याचे रील पाठवून मोकळे होऊ नका.

गाव सोडणाऱ्यांसाठी

मुंबई-पुण्याला खोली घेतल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत जवळचं चर्च, मिस्सेच्या वेळा आणि तिथल्या युवा गटाचा एक फोन नंबर, हे तीन मिळवायचं. पंधरवडा गेला की रविवार कपडे धुण्यात आणि झोपेत बसतो. आखातात कामाला जाणाऱ्यांनी आधीच विचारून घ्यावं: बऱ्याच देशांत शुक्रवारी सुट्टी असल्याने चर्चमध्ये रविवारची उपासना शुक्रवारीही होते. सौदी अरेबियात चर्चच नाही, तिथे जाणाऱ्याने जपमाळ आणि शुभवर्तमान मनात बांधूनच निघावं. मर्चंट नेव्हीत जाणाऱ्यांना अनेक बंदरांत स्टेला मारिस ही खलाशांसाठीची कॅथलिक सेवा भेटते. तिची सुरुवात १९२० मध्ये ग्लासगोला झाली.

निघण्याआधी दाखल्याचं काम उरका. दृढीकरणाची नोंद स्नानसंस्कार झालेल्या धर्मग्रामाच्या वहीत व्हावी लागते. दृढीकरण दुसरीकडे झालं असेल तर तिथून तसं कळवलं जातं, पण कधी कधी राहून जातं. मग लग्न ठरल्यावर, कार्डं छापल्यावर, धावाधाव होते. म्हणून महिन्याभरात स्नानसंस्काराच्या धर्मग्रामात जा, नवा दाखला मागा आणि मागे दृढीकरणाची तारीख व ठिकाण लिहिलंय का ते तिथेच वाचून घ्या. नसेल तर दृढीकरण जिथे झालं त्या चर्चचं पत्र आणून नोंद करून घ्या.