अफेरेसिसला जाण्याआधी बीपीच्या गोळीचं पाकीट उलटून वाचा

जर्मनीत ज्यांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) किंवा लिपोप्रोटीन(ए) (त्याच्यासारखाच रक्तातला चरबीचा कण) औषधांनी आटोक्यात येत नाही आणि अफेरेसिस, म्हणजे मशीनने रक्त गाळून चरबी काढायला सांगितलंय, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही तयारी. विम्याचं कार्ड, तिमाहीचं रेफरल, चार्जर हे सांगायला नकोच.

पहिली गोष्ट बीपीची गोळी. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल, म्हणजे औषधाच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असलेली कुठलीही गोळी चालू असेल, तर अफेरेसिसच्या डॉक्टरांना ते माहीत झाल्याशिवाय सुई टोचून घेऊ नका. मशीनमधल्या डेक्स्ट्रान सल्फेटच्या कॉलममधून, म्हणजे चरबी धरून ठेवणाऱ्या नळकांड्यातून, प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) जातो किंवा डाली नावाच्या पद्धतीत अख्खं रक्त जातं, तेव्हा आतल्या ऋणभारित पृष्ठभागाला लागून ब्रॅडिकायनिन तयार होतं. ते रक्तवाहिन्या सैल करतं. एरवी शरीरातलं एसीई नावाचं एन्झाइम त्याचा लगेच निकाल लावतं, पण ‘प्रिल’ गोळी नेमकं तेच एन्झाइम बंद पाडते. मग बीपी धाडकन खाली येतं, चेहरा लालबुंद होतो, श्वास घेता येत नाही. माझ्या ह्यांना मशीन सुरू झाल्यावर काही मिनिटांतच हे झालं. पुण्याला गेलो असताना बीपी वाढलेलं बघून तिथे गोळी बदलून दिली होती आणि इथे परतल्यावर ती सांगायची राहिली.

ती राहते कशी, तेही नीट समजून घ्या. पाकिटावर चटकन नजरेत भरतं ते कंपनीने ठेवलेलं नाव, त्यात ‘प्रिल’ असेलच असं नाही. खरं औषध बऱ्याचदा स्ट्रिपच्या मागच्या चंदेरी बाजूला छापलेलं असतं आणि गोळ्या कापून कापून नेमका तोच तुकडा गेलेला असतो. दोन औषधं एकत्र असलेल्या गोळीत तर ॲम्लोडिपिनच्या किंवा लघवीच्या औषधाच्या जोडीला ‘प्रिल’ बसलेलं असतं. म्हणून भारतातून आणलेली प्रत्येक स्ट्रिप उलटी करा, भिंग घ्या, घटक वाचा. गोळ्यांच्या डबीत काढून ठेवल्या असतील तर मूळ पाकीट शोधा. सापडत नसेल तर दुकानाची पावती किंवा चिठ्ठीचा फोटो मागवा. आळस नको.

तीन किंवा जास्त औषधं कायम चालू असणाऱ्यांना २०१६ पासून इथे छापील औषधयादी, मेडिकात्सियोन्सप्लान, मागण्याचा हक्क आहे. ती मागा, आणि भारतातली गोळी तिच्यावर हाताने लिहा. ब्रँडचं नाव लिहून इथल्या नर्सला काहीच कळत नाही, घटक लिहा.

गोळी किती आधी थांबवायची? डेक्स्ट्रान सल्फेटच्या पद्धतीत किमान २४ तास, आणि अंमल बराच वेळ टिकणारी गोळी असेल तर त्याहून जास्त, बरेच डॉक्टर ४८ ते ७२ तास सांगतात. स्वतःच्या मनाने मात्र बंद करायची नाही, बीपी उसळलं तर ते हृदयालाच भोवेल. बऱ्याचदा डॉक्टर सार्टान गटातली (बीपीचीच, पण एसीई बंद न पाडणारी) गोळी कायमची बदलून देतात, म्हणजे दर खेपेची चिंता मिटते. तशी विचारणा तुम्हीच करा. आणि ‘आमच्या केंद्रात हेल्प पद्धत (अफेरेसिसचाच आणखी एक प्रकार) आहे, त्यात हा प्रश्न येत नाही’ म्हणून निर्धास्त राहू नका. सुट्टीत दुसऱ्या गावी उपचार घेतलात तर तिथलं मशीन वेगळं असू शकतं.

आता पाणी. आदल्या दिवसापासून भरपूर प्या, शिरा वर येतात. हृदयामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर अर्थात डॉक्टर म्हणतील तेवढंच. हात गार असतील तर शिरा सापडत नाहीत, म्हणून थंडीत हातमोजे घालूनच निघा. बाह्या कोपराच्या वर सहज सरकतील असा सदरा घाला. सुया जाड असतात आणि एक हात तरी दोन ते चार तास हलवता येत नाही. लघवीला जाऊन या. हलकं खाऊन जा, उपाशी नको.

पीसीएसके९चं (एलडीएल उतरवणारं) इंजेक्शन चालू असेल तर ते अफेरेसिस झाल्यावर घ्यायचं, आधी घेतलं तर त्यातलं काही मशीनमध्येच निघून जाईल. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, नेहमीसारखी. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर सांगा. सांगताना बीपीची गोळीही परत सांगा, नर्सने विचारलं नाही तरी.

मशीन चालू असताना ओठांभोवती मुंग्या आल्या तर लगेच बोला. मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटमुळे कॅल्शियम उतरतं, त्यावर उपाय तिथेच असतो. छातीत दुखलं, गरगरलं, तरी लगेच.

झाल्यावर सुईची जागा नीट दाबून धरा, हेपरिनमुळे (हेही रक्त गोठू न देणारं औषध) रक्त थांबायला वेळ लागतो. त्या दिवशी दाताचं काम नको, जड पिशव्या नकोत, गाडी दुसऱ्याने चालवावी.

एका बैठकीत एलडीएल साधारण ६० ते ७० टक्के उतरतं, पण दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चढू लागतं. म्हणून आठवड्याची किंवा पंधरवड्याची वेळ चुकवू नका, पुढची तारीख घेऊनच निघा. विम्याची मंजुरी वर्षभराचीच असते, नूतनीकरणाचे कागद मुदत संपायच्या बरेच आधी द्या.