शोस्ताकोविच ऐकायला कुठून सुरुवात करावी?
दिमित्री शोस्ताकोविच या रशियन संगीतकारांची लोकप्रियता त्यांच्या मृत्यूनंतर, म्हणजे १९७५ नंतरही का ओसरली नाही, हे समजून घ्यायचे असेल, तर पंधरा सिंफनींच्या (मोठ्या वाद्यवृंदासाठीच्या दीर्घ रचनांच्या) डोंगराला थेट भिडण्याऐवजी १९६० साली ड्रेस्डेनजवळ तीन दिवसांत लिहिलेल्या आठव्या स्ट्रिंग क्वार्टेटपासून (दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो या चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनेपासून) सुरुवात करावी. आरंभी चेलोवर येणारे चार स्वर ध्यानात ठेवावेत. जर्मन पद्धतीने लिहिलेल्या त्यांच्या नावातील अक्षरांवरून ते घेतलेले आहेत. पाचही भाग न थांबता वाजतात, म्हणून ही स्वाक्षरी कुठे कुठे डोकावते ते शोधत एकाच बैठकीत ऐकावे. चौथ्या भागातील ठोके दचकवतात (रात्री हेडफोनचा आवाज बेताचाच बरा). मग १९३७ची पाचवी सिंफनी घ्यावी आणि तिचा शेवट विजयाचा की सक्तीच्या जल्लोषाचा, हे दोन वेगळ्या वाद्यवृंद-संचालकांची ध्वनिमुद्रणे ऐकून स्वतःच ठरवावे.