सर्व्हेअर लायसन्सचं नूतनीकरण : नावापायी अडलेला अर्ज

मी बडोद्यात वाहन विम्याचा सर्व्हेअर आहे, म्हणजे विम्याच्या दाव्यात गाडीचं नुकसान तपासणारा. आयआरडीएआयचं (विमा नियामक संस्थेचं) आमचं लायसन्स तीन वर्षांचं असतं; नूतनीकरणासाठी प्रशिक्षणाचे तास भरावे लागतात. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला आणि पुढे कित्येक आठवडे मी बुडालेल्या गाड्याच पाहत होतो. सीटखाली गाळ, वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज. प्रशिक्षण मागे पडलं.

नंतर घाईघाईने तास भरले, पण अर्ज परत आला. लायसन्सवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, प्रमाणपत्रांवर नुसतं नाव-आडनाव! दांडिया बाजारातले एक ज्येष्ठ सर्व्हेअर काका म्हणाले, "अरे, लायसन्स समोर ठेव आणि अक्षरन् अक्षर ताडून बघ." तसंच केलं. प्रशिक्षण देणाऱ्यांना लायसन्सची प्रत मेल केली, प्रमाणपत्रं दुरुस्त करून घेतली, अर्ज पुन्हा भरला. मंजूर झाला.

आता नाव नोंदवतानाच लायसन्स उघडून बसतो. आणि तास मनापासून करतो. पाणी शिरलेलं इंजिन सुरू करू पाहिलं की कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो, हे तिथेच नीट समजलं. त्यामुळे गाडी बंद पडलेल्या माणसाला मी पहिल्याच फोनवर सांगतो : चावी फिरवू नका, टोइंग बोलवा.