हायड्रातल्या चेतापेशी मोजायला घेण्याआधी

नवशिके बहुधा थेट पेप्टाइडच्या (म्हणजे पेशींना संकेत देणाऱ्या छोट्या प्रथिन-तुकड्यांच्या) कुपीकडे धावतात. आधी हायड्रा, म्हणजे गोड्या पाण्यातला हा चिमुकला नळीसारखा प्राणी, सांभाळायला शिका. माध्यमात 1 मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, थोडं मॅग्नेशियम आणि सोडियम बायकार्बोनेट हवं, तापमान 18 अंश सेल्सियस. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि तांब्याचा अंश हायड्राला सोसत नाही. आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या प्राण्याची) पिल्लं खाद्य म्हणून मीठ नीट धुऊनच घाला आणि काही तासांनी पाणी बदला. उरलेलं खाद्य कुजतं. शुंडकी (तोंडाभोवतीचे लांब धागे) आखूड होऊन टोकाला गोळा दिसू लागला, की समजा वसाहत बिघडली. तिच्यावर प्रयोग करू नका. प्रयोगाला 24 तास उपाशी ठेवलेले, अंगावर कळी (फुटणारं पिल्लू) नसलेले, एकाच मापाचे हायड्रा निवडा.

आता संकेतांकडे वळू. हिम-355 हे पेप्टाइड मूलपेशींना चेतापेशी होण्याकडे ढकलतं, हिम-33एच त्यांना आवरतं. दोन्ही एकत्र दिली तर परिणाम एकमेकांना खोडतात, म्हणून हा गट प्रयोगात ठेवाच. वेंट (Wnt) हा डोकं घडवणारा संकेत; तो चेतवायला अल्स्टरपॉलोन हे रसायन वापरतात. ते या संकेताला आवरणारं जीएसके-3 बीटा हे विकर रोखतं आणि एरवी गुळगुळीत असलेल्या धडावर शुंडकी उगवतात. ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवतात, तेव्हा तुलनेच्या गटालाही तितकंच डीएमएसओ द्या.

खरी गोम मोजणीत आहे. डोक्याजवळ आरएफअमाइड (काही चेतापेशीच बनवतात ते पेप्टाइड) रंगलेल्या पेशी वाढल्या म्हणजे नव्या चेतापेशी जन्मल्या, असं होत नाही. हायड्राचं ऊतक सतत दोन्ही टोकांकडे सरकतं आणि पेशी त्याच्याबरोबर वाहत जातात. शिवाय जुनी चेतापेशी जागा बदलल्यावर आरएफअमाइड बनवायला लागू शकते. जन्म सिद्ध करायचा तर डीएनएची नक्कल होताना त्यात खूण करणारं बीआरडीयू हे रसायन द्या. ते नुसतं माध्यमात घालून भागत नाही, बारीक काचनळीने जठरपोकळीत सोडावं लागतं. आरएफअमाइड आणि बीआरडीयू असे दोन्ही रंग एकाच पेशीत दिसले तरच ती मोजा.

स्थिरीकरणाआधी (ऊतक आहे तसं पक्कं करण्याआधी) हायड्रा 2 टक्के युरेथेन या भुलीच्या द्रावणात एक-दोन मिनिटं ठेवा, मग पक्कं करायला 4 टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड. युरेथेनची पायरी गाळली की प्राणी आखडून गोळा होतो, चेताजाळ्याचे धागे एकमेकांवर चढतात आणि मोजणीच अशक्य होते.

चेतापेशीविरहित हायड्रा कोल्चिसीन या रसायनाने मिळवता येतात. हे विष आहे, हातमोज्यांशिवाय हात लावू नका. असे हायड्रा स्वतः खात नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येकाच्या तोंडात पिल्लू ढकलावं लागतं. तरीही डोकं कापलं तर ते नवं डोकं घडवतात. हा परिणाम प्रत्येकाने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावाच.