गायकीची चराई ठरवताना हिशोब असा मांडा

आखाजी (अक्षय तृतीया) आली की गावोगावी सालदाराचे, गायकीचे म्हणजे गावाची ढोरं चारणाऱ्याचे नवे सौदे होतात, न बहुतेक ठिकाणी गायकीला मागच्या वर्षीचाच दर सांगून मोकळं करतात. तुमच्या घरी कोणी गावाची ढोरं चारत असन तर यंदा बैठकीला जायच्या आधी हिशोब कागदावर मांडून न्या.

ढोरामागं किती हे आधी बोलूच नका, आधी रोज किती पडला पाहिजे ते ठरवा. समजा 60 ढोरं न महिन्याला ढोरामागं 150, म्हणजे 9000 झाले, ऐकायला बरे वाटतात पण 30 दिवसांनी भागले तर रोज 300च पडला, अन 2025-26 मधी रोजगार हमीचा रोज 312 होता. त्यात गायकीला ना रविवार ना पाऊस, सकाळी आखरावर ढोरं जमा केली की दिवेलागणीला गोठ्यात पोचेपर्यंत सुटका नाही. म्हणून उलटं करा, रोज 400 पाहिजे तर महिन्याचे 12000, भागिले 60, ढोरामागं 200. सोबत पोरगा नाहीतर बायको जात असन तर त्यांचाही रोज धरा, हा रोज कोणीच धरत नाही अन खरा अन्याय इथंच होते.

मंग मोजणी. वासरू कधीपासून मोजायचं, बकऱ्यांचा दर काय, मधातच ढोर विकलं तर तो महिना पुरा धरायचा का, हे वहीत मालकाच्या नावापुढं लिहून सही घ्या. पैसे ठरल्या तारखेलाच, "कापूस विकला की देतो" हे चालू देऊ नका. ज्वारी-धान देत असतील तर किलोत लिहा. पोळ्याचा बोजारा म्हणजे सणाची भेट, दिवाळीतल्या गायगोधनाची ओवाळणी हे मानाचं, चराईत धरू देऊ नका.

चंद्रपूर-गडचिरोलीकडं वाघाचं तर लिहूनच घ्या, वाघानं ढोर मारलं तर चराईतून कापायचं नाही. मालकाला वनविभाग बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 70 हजार, यातलं जे कमी ते देते. त्यासाठी 48 तासांत खबर द्या, फोटो काढा, पंचनामा होईस्तोवर मेलेलं ढोर हलवू नका.

अन गायकीचा स्वतःचा विमा पाहिजेच. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला 20 रुपयात होते, वय 18 ते 70, अपघाती मृत्यूला 2 लाख. हप्ता गावानं भरावा असं बैठकीतच मागा, अन मे संपता संपता खात्यात तेवढे पैसे राहू द्या, तेव्हाच तो कटते.