जुनी गाडी तापतेय? आधी रेडिएटरमधलं पाणी बघा

मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा ४२ च्या वर गेला की जुन्या जीपचा काटा लाल खुणेकडं सरकतो आणि आपण उन्हाला दोष देतो. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, मगच रेडिएटरचं झाकण उघडा. गरम असताना अजिबात नको, वाफेनं तोंड भाजतं.

पाणी तांबूस असेल तर आत गंज धरलाय. बोअरचं जड पाणी ओतत राहिलं की नळ्यांत क्षारही बसतात. रेडिएटर फ्लश करून, म्हणजे आतून धुऊन, कूलंट (इंजिन गार ठेवायचं तयार द्रव) भरा. पण पाणी दुधाच्या चहासारखं, तेलकट दिसलं तर गाडी चालवूच नका. इंजिन ऑइल मोजायची पट्टी काढून तिथंही तसाच फेस आहे का बघा. बहुतेक वेळा हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं, पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं सील) गेलेलं असतं, नाहीतर ऑइल कूलर (ऑइल गार करणारा भाग). तशीच दामटली तर इंजिनची बेअरिंगही जातात.